पाय सुजले? चोळण्याआधी पाहा

संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पायावर उमटलेला दिसतो, पैंजण रुतू लागतं, किंवा एखाद्या सकाळी रोजचा बूट चढतच नाही. घरात लगेच बामची बाटली नाहीतर तिळाचं तेल निघतं, कुणीतरी मिठाच्या गरम पाण्याची बादली आणून ठेवतं आणि पाय चोळायला सुरुवात होते. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. पण पाय अचानक सुजण्याची जी मोजकी कारणं खरोखर धोक्याची आहेत, त्यांतल्या एकात चोळणंच जिवावर बेतू शकतं, आणि दुसऱ्या एकात गरम पाण्याची बादली पाऊल गमावायला पुरेशी होते. म्हणून हात लावण्याआधी दोन-तीन मिनिटं पाय नीट पाहायचे.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. एक पाय सुजलाय की दोन्ही? दोन्ही पाय साधारण सारखेच सुजले असतील, तर कारण बहुधा पायांत नसतं. ते हृदयात, मूत्रपिंडात, यकृतात, रोजच्या एखाद्या गोळीत किंवा दिवसभर उभं राहण्यात असतं. एकच पाय सुजला असेल, तर कारण त्याच पायात शोधायचं असतं. शिरेत धरलेली गुठळी, कातडीखालचा जंतुसंसर्ग, मुरगळ, सांधा, एखादा दंश. याला अपवाद आहेत, पण घरच्या घरी निवाडा करायला याहून चांगली खूण नाही.

मग वेळ. काल नव्हती आणि आज आहे, की महिनाभर हळूहळू चढत होती आणि आज पहिल्यांदा लक्ष गेलं? प्रामाणिक उत्तर पुष्कळदा दुसरं असतं. अंगात जादा पाणी साठून वजन काही किलोंनी वाढेपर्यंत सूज डोळ्यांना दिसतही नाही, त्यामुळे ‘अचानक’ सुजलेल्या दोन्ही पायांमागे कित्येक आठवड्यांचा इतिहास असू शकतो.

तिसरी गोष्ट बोटानं पाहायची. घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा पडून तो सावकाश भरत असेल, तर आत पाणी साठलंय. खड्डाच पडत नसेल, कातडी जाड आणि टणक लागत असेल, तर थायरॉइडची कमतरता किंवा लसिकावाहिन्यांचा विकार याकडे पाहावं लागतं. शेवटी हाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावा. सुजलेला पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, ही खूण पुढे फार उपयोगी पडणार आहे.

एकच पाय सुजला असेल तर

सगळ्यात आधी गुठळीचा विचार करायचा. पोटरीतल्या किंवा मांडीतल्या खोल शिरेत रक्त गोठलं की त्याच्याखालचा पाय फुगतो, पोटरी जड होते, आवळल्यासारखी दुखते, कधी लालसर दिसते. दुखणं साध्या वांब्यासारखंच वाटतं, आणि फसगत होते ती इथेच. धोका पायापुरता नाही. गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकला, तर अचानक धाप लागते, छातीत कळ येते, माणूस कोसळूही शकतो. असा पाय जोरानं चोळणं म्हणजे तो तुकडा सुटायला आपणच मदत करणं.

अशी गुठळी कुणाला होते? खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना, पाय प्लास्टरमध्ये असलेल्यांना, कर्करोगाच्या रुग्णांना, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या काही स्त्रियांना, आणि तासन्‌तास एका जागी बसून प्रवास करणाऱ्यांना. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील पंधरा-सोळा तासांच्या विमानप्रवासात शेजाऱ्याला उठवायचा संकोच म्हणून जागचे हलत नाहीत, आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. दोन्ही सवयी वाईट. दर तास-दोन तासांनी उठून चक्कर मारावी, बसल्या जागी पावलं वर-खाली करावीत. आधी गुठळी झालेली असेल किंवा अलीकडेच ऑपरेशन झालं असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. कुणीतरी सांगितलं म्हणून परस्पर ॲस्पिरिन घेऊन विमानात बसू नये.

बाळंतिणीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढलेला असतो. नेमक्या याच सव्वा महिन्यात आपण तिला खाटेवरून फार उठू देत नाही आणि मालिशवाली बाई रोज येऊन पाय रगडून जाते. मालिश वाईट नाही, शेक-शेगडीही तिच्या जागी ठीक. पण एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसू लागला, विशेषतः डावा, किंवा पोटरी धरल्यासारखी दुखू लागली, तर त्या दिवशी मालिश बंद आणि दवाखाना आधी. ‘वात धरलाय’ असं म्हणून आणखी जोरानं रगडायला सांगणारी एखादी मावशी प्रत्येक घरात असते. तिला त्या दिवशी स्वयंपाकघरात गुंतवावं.

फरक डोळ्यांनी कळत नसेल तर शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल, तर तो डॉक्टरही गंभीरपणे घेतात. फरक कमी भरला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. पुढची तपासणी सोपी आहे. पायाची डॉपलर सोनोग्राफी करतात, सुई नाही, दुखणं नाही. गुठळी सापडली तर रक्त पातळ ठेवणारी औषधं साधारणपणे निदान तीन महिने घ्यावी लागतात, आणि ती मध्येच सोडायची नसतात.

दुसरं कारण जंतुसंसर्ग. पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, ओल्या बुटांत दिवस काढणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तिथून किंवा भेगाळलेल्या टाचेतून जंतू आत शिरतात. मग थंडी वाजून ताप, पाय लालभडक, गरम, ताणलेला, हात लावू देत नाही असा. कधी जांघेत अवधाण येतं. लालीच्या कडेनं पेनानं रेघ आखून ठेवा. काही तासांत लाली रेघेच्या पलीकडे गेली, तर सकाळची वाट पाहू नका. यावर प्रतिजैविकं लागतात, लेपानं भागत नाही. बरं झाल्यावरही चिखल्यांवर इलाज केला नाही तर पुढच्या पावसात तेच. रोज साबणानं पाय धुऊन बेचके कोरडे करणं हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातल्या वाचकांना असा ताप आणि सूज वरचेवर येत असेल, तर हत्तीरोगाची तपासणी करून घ्यायला हवी. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगाच्या कृमींची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यायला रात्री येतात. सरकारी मोहिमेत वाटलेल्या गोळ्या ‘मला कुठे काय झालंय’ म्हणून खिशात ठेवल्या जातात. त्या समोरच गिळायच्या असतात. पाय कायमचा जाड झाल्यावर औषधानं तो पूर्ववत होत नाही. तेव्हाही रोज पाय धुणं, कोरडा ठेवणं आणि जखमा जपणं यानं तापाचे झटके कमी होतात.

मधुमेह असणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्या पावलापेक्षा स्पष्ट गरम लागतं, आणि तरी फारसं दुखत नाही. जखम नाही, ताप नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. ही पावलाच्या हाडांची पडझड असू शकते, तिला शार्को पाऊल म्हणतात. बरीच वर्षं साखर वाढलेली राहून नसा बधिर झालेल्यांत ती होते. संवेदना नसल्यानं बारीकसं हाड मोडलेलंही कळत नाही, आणि त्यावर शरीराचा भार पडत राहिला की पावलाची कमान कोसळते. सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नये. इलाज म्हणजे पावलावरचा भार काढणं, बहुधा खास प्लास्टर घालून काही महिने. निदान होईपर्यंत त्या पायावर उभंच राहू नये. आणि बधिर पाय गरम पाण्यात कधीच बुडवू नये. पाणी किती कढत आहे हे त्या पायाला कळत नाही, फोड मात्र येतात आणि चिघळतात.

शेतात, गवतात, अंधारात पायाला काहीतरी टोचलं आणि तासाभरात पाय चढत्या क्रमानं सुजू लागला, तर फुरसं किंवा घोणस चावली असं धरूनच चालावं. कोकणात हे पावसाळी वास्तव आहे. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पाय न हलवता गाडीत घाला आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. पैंजण, जोडवी, काळा दोरा आधीच काढा, सूज चढल्यावर ते रुततात.

मुरगळलेल्या घोट्याचं फारसं गूढ नसतं. पहिले दोन दिवस बर्फ (फडक्यात गुंडाळून, १५-२० मिनिटं), क्रेप बँडेज, पाय उशीवर. चोळणं आणि शेक नको. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढा. रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन चादरही सोसवेना, तर तो गाऊट, म्हणजे वाढलेल्या युरिक ॲसिडचा प्रताप असण्याची शक्यता मोठी. आणि तापानंतर घोटे सुजून सकाळी जमिनीवर पाय टेकवेना, तर चिकुनगुनिया आठवावा.

दोन्ही पाय सुजले असतील तर

इथे मी हृदय-मूत्रपिंडाच्या आधी गोळ्यांचा डबा उघडायला सांगेन. रक्तदाबावर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिन ही गोळी घोटे सुजवते. २.५ किंवा ५ मिलिग्रॅमवर काही झालं नाही आणि डॉक्टरांनी १० केली की काही आठवड्यांत पाय भरून येतात. ही गोळी रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करते, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तितक्या सैल होत नाहीत, त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांवर दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. शरीरात पाणी वाढलेलं नसतंच, ते फक्त जागा बदलून बसलेलं असतं. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ही सूज नीट उतरत नाही. तरीही पुष्कळांच्या चिठ्ठीत अम्लोडिपिनच्या खाली ती गोळी येते, मग पोटॅशियम उतरतं, मग त्यासाठी तिसरं औषध. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ही सूज या गोळीची असू शकेल का?’ डोस कमी करणं, गोळी बदलणं, किंवा टेल्मिसार्टनसारख्या गटातली गोळी जोडीला देणं, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. आपल्या मनानं मात्र गोळी बंद करू नका. सुजलेला घोटा परवडला, भडकलेला रक्तदाब नाही.

याच डब्यात आणखी संशयित सापडतील. गुडघेदुखीवर रोज घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, मूत्रपिंडालाही त्रास देतं. मधुमेहावरचं पायोग्लिटाझोन, नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन, स्टेरॉइड. सांधेदुखीवर ‘खात्रीशीर’ म्हणून कुणी बिननावाच्या पुड्या देत असेल आणि त्या सुरू केल्यापासून चेहरा गोल झाला, पाय सुजले, पण सांधे मात्र एकदम मोकळे झाले, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्यावी. अशी पुडीही एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते.

गोळ्यांचा प्रश्न सुटला की अवयवांकडे वळायचं. हृदयाची ताकद कमी झाली तर पाय दिवसअखेरीस जास्त सुजतात, जिना चढताना धाप लागते, आडवं पडल्यावर श्वास कोंडतो म्हणून उशा वाढत जातात, रात्री खोकत दचकून उठावं लागतं. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. हृदयाच्या रुग्णानं रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावं. याहून स्वस्त आणि विश्वासार्ह इशारा दुसरा नाही.

मूत्रपिंडाची सूज सकाळी डोळ्यांभोवती आधी दिसते आणि लघवीला फेस येतो, कारण रक्तातलं अल्ब्युमिन लघवीवाटे निघून जात असतं. लहान मुलांत सकाळी डोळे सुजलेले दिसले की ‘काहीतरी चावलं’ किंवा ‘ॲलर्जी’ म्हणून आठवडे जातात. साधी लघवीची तपासणी केली तर एका दिवसात उलगडा होतो. यकृताच्या विकारात पोट फुगतं आणि डोळे पिवळे होतात, दारूचा इतिहास असेल तर वेगळं सांगायला नको. खूप कमी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची कमतरता यांची तपासणीही रक्ताच्या एकाच नमुन्यात उरकते.

गरोदर बाईचे पाय शेवटच्या महिन्यांत थोडे सुजतातच. पण पाचव्या महिन्यानंतर हात आणि चेहराही सुजला, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, बरगडीखाली दुखतंय, किंवा रक्तदाब १४०/९० च्या पुढे गेलाय, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हा रक्तदाबाचा विकार झटके येण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांतही होऊ शकतो. आशाताई घरी येऊन रक्तदाब पाहायला सांगतात तो उगाच नाही.

एक दुर्मीळ पण लक्षात ठेवण्याजोगं कारण. एकाच घरातल्या अनेकांचे पाय एकाच आठवड्यात सुजले, तर तेलाचा डबा बाजूला ठेवा. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलं गेलं तर त्यातल्या विषानं केशवाहिन्या झिरपू लागतात, हृदयावरही ताण येतो. दिल्लीत १९९८ साली अशा भेसळीच्या तेलानं ६० हून अधिक माणसं दगावली होती. शेंगदाण्याचं तेल वापरणाऱ्या घरात ही भीती कमी, पण मोहरीचं सुटं तेल घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

यातलं काहीच नाही आणि संध्याकाळी सुजलेले पाय सकाळी उतरलेले असतात? मग बहुधा शिरांचं काम सुस्तावलंय. वाहतूक पोलीस, शिक्षिका, दुकानातल्या विक्रेत्या, आचारी, केशकर्तनवाले, सगळ्यांची ही तक्रार असते. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि ते नुसतं उभं राहून होत नाही, चालावं लागतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात यात भर पडते.

घरी काय करता येईल

पाय वर ठेवणं हा साध्या सुजेवरचा सगळ्यात चांगला उपाय आहे, पण तो बरोबर केला तरच. समोरच्या मोड्यावर पाय ठेवून टीव्ही पाहणं पुरेसं नाही. आडवं पडून पाय छातीच्या पातळीपेक्षा वर हवेत, दोन लोड किंवा दुमडलेली गादी खाली घालून, १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही, डॉक्टर गाठा. उभ्यानं काम करणाऱ्यांनी तासाला वीसेक वेळा टाचा उचलाव्यात. कुणाच्या लक्षातही येत नाही.

मिठाचं गणित घरोघरी चुकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावं. भाजीत मीठ कमी घालून ताटात पापड, लोणचं, सुकट आणि दुपारी फरसाण घेतलं की हिशेब तिथेच फसतो. सैंधवानं सुटका होत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पाणी मात्र आपण होऊन कमी करू नका. ‘पाय सुजले म्हणजे पाणी जास्त झालं’ ही समजूत बहुतेकांच्या बाबतीत चुकीची आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या ठरावीक रुग्णांनाच डॉक्टर पाण्याची मर्यादा घालून देतात.

दाब देणारे मोजे शिरांच्या सुजेवर उत्तम काम करतात. ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, सूज चढायच्या आत घालायचे. मापानं घ्यायचे, अंदाजानं नाही. चालताना पोटऱ्या भरून येतात, पावलं थंड पडतात, किंवा बरीच वर्षं मधुमेह आहे, अशांनी धमन्यांची तपासणी झाल्याशिवाय ते घालू नयेत.

घेटुळीची भाजी किंवा पुनर्नव्याचा काढा सुजेवर पूर्वापार दिला जातो. भाजी आवडीनं खा. काढा मात्र निदान झाल्यावर, वैद्यांच्या सल्ल्यानं आणि डॉक्टरांना सांगून घ्या, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा लघवीची गोळी चालू असेल तर. शेजाऱ्याच्या लॅसिक्स या लघवीच्या गोळीबद्दलही हेच. ती गोळी घेतल्यावर सूज उतरते, कारण तसंच राहतं, आणि पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

कधी जायचं, ते थोडक्यात. सुजेबरोबर धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, भोवळ, किंवा दंशाची शंका असेल तर आत्ता, १०८ला फोन करून. एकच पाय अचानक सुजला, ताप आणि लाली आहे, मधुमेह आहे, किंवा बाई गरोदर अथवा ओली बाळंतीण आहे, तर आजच्या आज. दोन्ही पाय सुजलेत आणि बाकी त्रास नाही, तर याच आठवड्यात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन तपासून सुरुवात करता येते. क्रिएटिनिन, यकृत, थायरॉइड, ईसीजी आणि लागलाच तर टू-डी इको, हे डॉक्टर ठरवतील.

जाताना सूज असलेल्या वेळेचा, म्हणजे संध्याकाळचा, फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, कारण सकाळच्या ओपीडीत पाय पुष्कळदा उतरलेले असतात. आणि औषधांची नावं सांगत बसण्यापेक्षा घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून सुट्या आणलेल्या गोळ्या, काढे आणि त्या बिननावाच्या पुड्यांसकट.